चिमणीचा नमुना, कारखान्याची सही आणि एक फिरता मजकूर

गेल्या गळीत हंगामापासून निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगाव शहरातील मराठी ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: कारखान्यांच्या चिमण्या दिवसाढवळ्या पांढरा धूर ओकतात आणि प्रदूषण मंडळाचे अभियंते बघत बसतात, मोबाइल हवेचा निर्देशांक १६० दाखवतो तेव्हा सरकारी आकडा १३० असतो, म्हणजे आकडे दाबले जातात, धुराचा नमुना कारखान्याच्या माणसासमोर घेऊन त्याचीच सही घेतात, म्हणजे साटेलोटे उघड आहे, मनात आणले तर हेच अभियंते एका दिवसात कारखान्याला टाळे लावू शकतात, स्वच्छ हवेच्या केंद्रीय योजनेचे पैसे बेळगावला आले आणि मुरले, आणि मराठीत तक्रार केली तर ती सरळ केराच्या टोपलीत जाते.

मी सरकारी नोकर नाही. एका खासगी प्रयोगशाळेसाठी वीसेक वर्षे चिमण्यांवर चढून नमुने घेणे हे माझे काम होते आणि मंडळाचे पर्यवेक्षक अभियंते आमचे अहवाल कसे तपासतात हे मी जवळून पाहिले आहे. तपासाचा संथपणा लोकांना जाचतो हे मला मान्य आहे. तो मलाही जाचला आहे. पण या मजकुरातील बहुतेक विधाने चुकीची आहेत, आणि त्यांतले एक तर असे आहे की लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, तर प्रदूषण करणाऱ्या कारखान्याचाच बचाव होईल. म्हणून आधी तेच घेतो.

नमुना कारखान्याच्या माणसासमोर घेणे आणि त्याची सही घेणे ही सवलत नाही, तो कायदा आहे. १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याचे कलम २६ सांगते की नमुना घेणाऱ्याने कारखान्याच्या ताबेदाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला त्याच जागी, त्याच वेळी नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुना घ्यायचा, तो सीलबंद करून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि विलंब न लावता मान्य प्रयोगशाळेकडे पाठवायचा. ही पद्धत पाळली नाही, तर नमुन्याचा निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. नोटीस ‘त्याच वेळी’ द्यायची असल्यामुळे आदल्या दिवशी फोन करून कळवण्याची सक्ती कायद्यात कुठेही नाही. मालक मुद्दाम गायब झाला, तर त्याचीही सोय कलमात आहे: एकट्या अधिकाऱ्याच्या सहीने नमुना सील होतो आणि मालक गैरहजर होता हे सरकारी विश्लेषकाला लेखी कळवले जाते. उद्या एखाद्या अभियंत्याने लोकांच्या दबावाखाली ‘गुपचूप’ नमुना घेतला, तर कारखान्याचा वकील पहिल्याच तारखेला तो निकाल बाद करून घेईल.

नमुना घेणे म्हणजे चिमणीच्या तोंडाशी पिशवी धरणे नव्हे. चिमणीच्या उंचीवर एक भोक ठेवलेले असते, तिथे मचाण असते, आणि त्या भोकातून पिटॉट नळी आत सरकवून ठरावीक बिंदूंवर धुराचा वेग मोजावा लागतो. मग तेवढ्याच वेगाने धूर थिंबलमधून, म्हणजे काचतंतूंच्या बोटभर गाळणीतून, ओढायचा. वेग कमी ठेवला, तर जड कण आपल्याच ओघाने आत घुसतात आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. वेग जास्त ठेवला, तर आकडा कमी येतो. थिंबल आधी वाळवून तोललेले असते, नंतर पुन्हा वाळवून तोलतात, आणि या दोन वजनांमधल्या मिलिग्रॅमांवर सगळा खटला उभा राहतो.

उमेदीच्या काळात एका अहवालात मी एका बिंदूचा वेग न मोजता शेजारच्या दोन आकड्यांच्या अंदाजाने भरला होता. संध्याकाळ झाली होती आणि मचाणावर वारा सुटला होता. पर्यवेक्षक अभियंत्याने तो अहवाल परत पाठवला. समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: ‘हा आकडा कुठून आला?’ आम्हांला पुन्हा चढावे लागले. तो अहवाल मर्यादा ओलांडल्याचा होता, म्हणजे कारखान्याच्या विरोधात जाणारा होता. तरीही त्यांनी तो परत केला, कारण तसाच पुढे गेला असता तर टिकला नसता. पर्यवेक्षकाचे अर्धे काम हे असे असते आणि रस्त्यावरून ते दिसत नाही.

आता पांढरा धूर. कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळण म्हणून जाणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, जवळजवळ निम्मे पाणी असते, आणि धूर धुण्यासाठी पाण्याचा स्क्रबर लावला असेल तर त्यात आणखी वाफ मिसळते. वाफेचा पट्टा बहुधा चिमणीच्या तोंडापासून थोडे अंतर सोडून सुरू होतो आणि पुढे स्वच्छ विरून जातो. राखेचा धूर तोंडापासूनच निघतो आणि वाफ संपल्यावरही मागे राखाडी किंवा तपकिरी शेपूट ठेवतो. उलट सल्फर डायऑक्साइडला रंगच नसतो, तेव्हा ‘चिमणी स्वच्छ दिसते’ हेही प्रमाणपत्र नव्हे. साखर कारखान्याच्या चिमणीला धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. फाउंड्रीत ढलाईसाठी लोखंड वितळवणाऱ्या कुपोला भट्टीला, ती ताशी ३ टनांपेक्षा लहान असेल तर ४५० आणि त्याहून मोठी असेल तर १५०. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या दोन शेजारच्या फाउंड्रींना वेगवेगळी मर्यादा लागते ती यामुळे, पक्षपातामुळे नव्हे. १४० आणि १९० यांतला फरक कोणाच्याही डोळ्यांना कळत नाही.

मोबाइलच्या आकड्याचे उत्तर थोडक्यात देता येते. बरीच अ‍ॅप अमेरिकी निर्देशांक दाखवतात, मंडळ भारतीय निर्देशांक वापरते. हवेत सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, घनमीटरला ७० मायक्रोग्रॅम असतील, तर अमेरिकी पट्टीवर सुमारे १६० येतात आणि भारतीय पट्टीवर सुमारे १३०. हवा तीच, मोजपट्टी वेगळी. आपली पट्टी सैल आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो ऐकण्यासारखा आहे आणि मी स्वतः त्या बाजूचा आहे. पण पट्टी सैल असणे ही एक गोष्ट आणि अभियंत्याने आकडा दाबणे ही दुसरी.

एका दिवसात टाळे लावण्याचा अधिकार तपासणीला आलेल्या अभियंत्याकडे नाही. कारखाना बंद करण्याचे किंवा वीज-पाणी तोडण्याचे निर्देश कलम ३१-अ खाली मंडळ देते. अभियंता पाहणी करतो, पुरावा गोळा करतो, शिफारस लिहितो. मंडळाच्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येते आणि त्यापुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. कारवाईचा कागद या सगळ्या पायऱ्यांवर टिकावा लागतो. आणि हद्दीचा प्रश्न आपल्या भागात विसरता येत नाही. शिनोळी बेळगावला खेटून असली तरी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. तिथल्या चिमणीवर कर्नाटकचा अभियंता चढू शकत नाही, ती तक्रार महाराष्ट्राच्या मंडळाकडे, कोल्हापूरला न्यावी लागते. वाऱ्याला सीमा नाही, कायद्याला आहे, आणि सीमाभागात राहणाऱ्यांनी दोन्ही पत्ते जवळ ठेवलेले बरे.

केंद्रीय पैशांबद्दल एवढेच की २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कर्नाटकातून बेंगळूर, दावणगेरे, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी ही नावे आहेत. बेळगाव त्यात नाही. जे आलेच नाही ते मुरणार कुठून?

राहिली मराठीची गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागते, कारण हे वाचून आपली माणसे तक्रार करणेच सोडून देतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. उत्तर मराठीतच येईल अशी हमी त्यात नाही, ते कानडीत येऊ शकते. पण अर्ज मराठीत आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही. पोच घ्या, तारीख घाला.

आणि ‘फार धूर येतो’ एवढेच लिहू नका. निपाणीकडच्या एका गावातील एक वहिनी वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडली की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत वेळ लिहून ठेवत, सोबत वारा कुठून होता तेही. दीड महिन्याच्या त्या नोंदी त्यांनी मराठी अर्जाला जोडल्या. पर्यवेक्षक अभियंत्याने त्या चौकटी बॉयलरच्या नोंदवहीशेजारी ठेवल्या, तेव्हा राख पडण्याच्या वेळा आणि नळ्यांवरची काजळी उडवण्याच्या वेळा जुळल्या. त्यानंतरचा नमुना दुपारी घेतला गेला नाही. पहाटे साडेचारला आम्ही मचाणावर होतो.