सगळेच मोरिया खायचे नसतात
मोरिया या कंदवाल्या फुलझाडावरचा लेख मस्त, पण दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या मोरिया फ्युगाक्स या जातीचा कंद खातात एवढंच त्यात लिहून सोडलंय, त्याच मोरियाच्या दुसऱ्या काही जाती इतक्या विषारी आहेत की चरणारी गुरं मरतात, हे सांगायला हवं होतं ना राव. तिथले मूळ रहिवासी खोईखोई आणि सान लोक बरोब्बर खाण्यातलेच उकरायचे, ते पण काठीला भोक पाडलेला गोल दगड अडकवून, म्हणजे वजनाने टोक जमिनीत खोल घुसतं, काय डोकं आहे! मग वरचं जाळीदार साल सोलून राखेत भाजायचे नाहीतर दुधात शिजवायचे. साळिंदर आणि बबून माकडं कच्चेच खातात म्हणा. फुलाचा फोटो छान आलाय, सोललेल्या कंदाचा पण टाका की एखादा.