चार ते सात

संध्याकाळचे चार वाजून दोन मिनिटं झाली होती. मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो आणि शेजारी फोनमधली, घरातून बाहेर विकली जाणारी वीज दाखवणारी हिरवी रेघ ३.६ किलोवॅटवर ताठ उभी होती. तिच्याकडे बघत मी मान डोलवत होतो, त्यामुळे साहेबांना वाटत होतं की मला त्यांचं म्हणणं पटतंय. अचानक ती रेघ कोसळून ०.६ वर आली. माइक बंद करायचं भान राहिलं नाही. "आई, केटल बंद कर!" असं मी जिन्याकडे तोंड करून ओरडलो, ते मँचेस्टरपासून बंगळूरपर्यंत अकरा जणांनी ऐकलं.

आईला इंग्लंडात, मिल्टन कीन्सला येऊन चौथा दिवस होता. तासगावहून आलेल्या बाईला चार वाजता चहा लागतो. इंग्रजांनाही नेमका तेव्हापासूनच लागतो, आणि सगळी मेख तिथे आहे. चार ते सात या वेळात इथे मुलं शाळेतून घरी आलेली असतात, ऑफिसं सुटतात, केटल, ओव्हन, हीटर एकदम सुरू होतात आणि विजेचा भाव चढतो. २०२४ साली माझ्या दरपत्रकात पहाटे दोन ते पाच युनिटला १६ पेनी होते, चार ते सात ३८. आणि त्याच चार ते सातमध्ये मी उलट ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या सामायिक तारांना वीज दिली, तर मला २८ पेनी मिळायचे. छपरावर दहा पॅनल, गॅरेजमध्ये ९.५ युनिटची बॅटरी. स्वस्तात भरायची, महागात विकायची. बसवणाऱ्याने हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा माझ्यातला व्यापारी जागा झाला. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी व्यापार केलेला नव्हता. द्राक्षं उधारीवर देऊन दलालाच्या मागे फिरणं याला व्यापार म्हणत असतील, तर गोष्ट वेगळी.

कागदपत्रांचं पुराण थोडक्यात सांगतो. इथे १६ अँपिअरपर्यंत, म्हणजे ३.६८ किलोवॅटपर्यंतचा इन्व्हर्टर (पॅनल-बॅटरीची वीज घराजोगी करणारा डबा) असेल तर बसवून मग कळवलं तरी चालतं. त्याहून मोठा हवा तर आधी परवानगी. म्हणून मी ३.६ घेतला. पण घरात येणाऱ्या विजेला तेरा आकडी नंबर असतो आणि घरातून जाणाऱ्या विजेला दुसरा तेरा आकडी नंबर लागतो. तार मात्र एकच. तो दुसरा नंबर यायला नऊ आठवडे गेले. या देशात ऊन पडतं तेच मुळात मोजकं, त्यातलं एप्रिल-मेचं सगळं मी ग्रिडला दान केलं. पावतीसुद्धा नाही.

नंबर आला त्या आठवड्यात बिल दुप्पट झालं.

हे सविस्तर सांगायलाच हवं. मीटरच्या कपाटात, जाड तारेभोवती, काडेपेटीएवढा एक काळा चिमटा असतो. सीटी क्लॅम्प. वीज आत येतेय की बाहेर चाललीय, हे इन्व्हर्टरला तो सांगतो. त्याच्यावर नखाएवढा बाण छापलेला असतो. बसवणाऱ्याने तो बाण उलटा लावला होता. त्यामुळे मी केटल लावली, तारेतून वीज आत आली, की इन्व्हर्टरला वाटायचं, वा, वीज उतू चाललीय, बॅटरीत भरून घेऊ. मग बॅटरीसाठी आणखी वीज आत यायची, आणि त्याला वाटायचं, अरे, आता तर पूरच आला! भर संध्याकाळी ३८ पेनीने तो आनंदाने बॅटरी भरत बसायचा आणि ॲपवर मला हिरव्या अक्षरात कमाई दाखवायचा. तीन दिवस मी ती कमाई बायकोला वाचून दाखवली. दुरुस्तीला माणूस तीन आठवड्यांनी येणार म्हणाले. शेवटी मीच कपाटात डोकं घातलं, चिमटा काढला, फिरवला, लावला. दहा सेकंद.

अशा तावून सुलाखून निघालेल्या व्यवस्थेत आईने केटल लावली होती.

"बॅटरी, बॅटरी म्हंतुयास, ती दाव तरी," ती म्हणाली. गॅरेजमध्ये भिंतीला टेकलेलं ते पांढरं धूड पाहून ती जरा वेळ गप्प राहिली. "ही बॅटरी? तुझं आबा रात्रीचं मळ्यात घेऊन जायचं ती एवढीशी हुती."

मग मी तिला समजावलं. वीज स्वस्त असते तेव्हा यात भरून ठेवायची आणि भाव आला की काढायची.

"म्हंजे कोल्ड स्टोरेज."

मी उडालोच. हे मला समजायला दोन महिने आणि चौदा व्हिडिओ लागले होते. पण तासगावात बेदाण्याचं दुसरं काय होतं? उन्हाळ्यात रॅकवरून बेदाणा उतरतो तेव्हा सगळ्यांचाच उतरतो, भाव पडतो. म्हणून बॉक्स कोल्ड स्टोरेजला टाकायचे आणि सणाच्या तोंडावर सौद्याला काढायचे. आईने हे आयुष्यभर केलंय. तिने पुढचे प्रश्न विचारले ते बसवणाऱ्यालाही मी विचारले नव्हते.

"भाडं किती?"

बॅटरीच्या कर्जाचा हप्ता सांगितला.

"तूट किती धरत्यात?"

दहा युनिट भरली की नऊच्या आसपास बाहेर येतात, मी म्हणालो.

"धातलं एक? आन उधळण?"

सौद्यात बेदाणा बघायला म्हणून मुठी भरून घेतात, खाली सांडतात, तो शेतकऱ्याच्याच अंगावर पडतो, ती उधळण. "आई, विजेत उधळण नसते," असं मी ठासून सांगितलं. त्या रात्री आकडे तपासले, तर इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाच ५० वॅट खात होता. दिवसाला जवळजवळ सव्वा युनिट. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

घराचे नियम मात्र मी छापूनच फ्रिजवर लावले. चार ते सात केटल नाही, ओव्हन नाही, वॉशिंग मशीन नाही. अंघोळ तर नाहीच नाही, कारण इथला विजेचा शॉवर एकटाच नऊ किलोवॅट ओढतो. घरात एक युनिट जळलं की विक्रीला एक कमी. पोळ्यांची कणीक चारनंतर मळायला हरकत नाही, भाजायच्या सातनंतर. बायकोने त्याखाली पेनाने लिहिलं : 'दुकान चालू, घर बंद.' मुलगा दिवाणखान्यातला दिवा लावायच्या आधी मला विचारायला लागला.

आईने तो कागद वाचला आणि मोठ्यांदा हसली. "लोडशेडिंग!" बारा बारा तासांच्या लोडशेडिंगमध्ये तिने दोन पोरं शिकवली. त्यातलं एक लंडनच्या बाजूला जाऊन, कर्ज काढून, स्वतःच्या घरात लोडशेडिंग बसवून घेईल, असं तिला वाटलं नव्हतं. "वेळापत्रक तरी नीट लावा," बायको म्हणाली, "खालचा मजला शहरी, वरचा ग्रामीण, असं काहीतरी."

"आकडा टाकून तारंतनं लाईट वढणारी मानसं लई बगितली," आई म्हणाली. "तारंत लाईट वतणारा तूच पयला."

शेजारच्या आजोबांचं तिला विशेष वाटायचं. मी बाहेर सोडलेली वीज काही लंडनला जात नाही, जवळ जिथे जळते तिथेच जाते. म्हणजे आजोबांचा ओव्हन माझ्याच विजेवर तापतो. मी २८ ने द्यायचो, ते माझ्यासारख्याच दरपत्रकाने ३८ ने घ्यायचे. "मग तेस्नी म्हण, सरळ माझ्याकडनंच घ्या, तेहतीसनं." मीटरला असला सौदा कळत नाही, हे तिला पटेना. मधल्या दलालावर तिचा जुना राग आहे.

उन्हाळ्यात सगळं सोपं होतं. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, बॅटरी उन्हावरच भरायची. सप्टेंबर सरला तसं ऊन मेलं आणि पहाटे दोनची खरेदी सुरू झाली. ॲपमध्ये 'टाइम्ड चार्ज' असतं, पण आमच्या इन्व्हर्टरचं वायफाय अधूनमधून रुसायचं आणि बॅटरी रिकामीच उजाडायची. म्हणून मी गजर लावून दोनला उठायला लागलो. गॅरेजमध्ये जाऊन निळा दिवा लुकलुकतोय का ते बघायचं आणि परत येऊन झोपायचं. नफा किती? नऊ युनिट १६ ने घेतली, आठ युनिट २८ ने विकली. एक पौंड ४४ गेले, दोन पौंड २४ आले. ऐंशी पेनी. ऐंशी पेनीत इथे वडापावमधला वडासुद्धा येत नाही.

एका पहाटे झोप येईना म्हणून आबांना फोन केला. तिकडे सकाळचे साडेसहा. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सोडून ते आईबरोबर येऊ शकले नव्हते.

"एवढ्या रात्रीचा का जागा?"

"लाईट आलीय का बघायला उठलो होतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. "आमच्याकडं आता दिवसा येतीया," आबा म्हणाले. "सोलरची. मी रात्रीचा झोपतो." मग जरा थांबून, "लाईट आली की आपसूक चालू करणारा ऑटो तू मोटरंला बसवला न्हाईस व्हय?"

आणि मग दिवाळी आली. २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, शुक्रवारी. आईने आठवडाभर आधीच बजावलं होतं : "दिवेलागणीला घरातलं मीठ, दही, पैसं कुणाला देत न्हाईत. आन तू रोज नेमका तवाच लाईट बाहीर घालवतुयास. लक्ष्मीपूजनाला तरी नगं." इथे तेव्हा साडेचारलाच दिवेलागण होते. मी तडजोड काढली. पूजा साडेपाचला, चार ते पाच विकतो, पाचला निर्यात बंद, पुढचं सगळं घरचं. आई काही बोलली नाही. तिच्या काही न बोलण्याला तासगावात मोठा मान आहे.

पाचला मी झोकात ॲप उघडलं. बॅटरीत ६२ टक्के असायला हवे होते. २४ होते.

आदल्या रविवारी, २७ ऑक्टोबरला, सगळ्या ब्रिटनची घड्याळं एक तास मागे गेली होती. माझ्या इन्व्हर्टरचं गेलं नव्हतं. तो पाच दिवस खऱ्या तीन वाजता दुकान उघडत होता आणि पडेल भावात माल काढत होता. पहाटेही एक वाजताच उठून महागाची वीज भरत होता. ॲपमधला आलेख त्याच्याच घड्याळावर चालतो, म्हणून मला चार ते सात अगदी चोख दिसत होतं. त्या आठवड्यात दोनचा गजर मी बंद ठेवला होता, सणाची सुट्टी म्हणून.

अनारशाचं पीठ नेमकं त्याच दिवशी जमलं होतं. अनारसे मंद आचेवर, एकेक करून तळावे लागतात. घाई केली की बिघडतात. पाच चाळीसला बॅटरी दहा टक्क्यांवर येऊन थांबली आणि स्वयंपाकघरातल्या मीटरच्या डबीवर लाल दिवा लागला. ३८ पेनी. पाहुणे आले, चहाला केटल लागली, अनारसे चालूच. त्या लाल दिव्याकडे बघून एक मावशी म्हणाल्या, "छान रोषणाई केलीय."

पूजेला आईने लाह्या-बत्तासे मांडले आणि मला विचारलं, "तुझा गल्ला कुठाय?" मी काही म्हणायच्या आत ती हळदीकुंकवाची कोयरी घेऊन गॅरेजमध्ये गेली.

रात्री इन्व्हर्टरचं घड्याळ मी स्वतः एक तास मागे केलं आणि दोनचा गजर लावून झोपलो. दोनला खाली आलो. गॅरेजमध्ये अंधार, पांढऱ्या पेटीवर कुंकवाची दोन बोटं, खाली विझलेली पणती. दोन वाजून शून्य मिनिटांनी निळा दिवा लुकलुकायला लागला.

वरून आईचा आवाज आला. "आली का रं लाईट?"

"आली."

"मग च्या ठेव की. आता स्वस्त हाय न्हवं."