ऐंशी लिटरचा संसार

सकाळी पावणेसातला दारावर थाप पडली. उघडलं तर बाहेर दोन आज्या, एक पोरगा आणि त्याच्या हातातल्या दोरीला एक शेळी. थोरल्या आजींनी माझ्या गाऊनकडे पाहून मी डॉक्टरीणबाई नसून नर्स असल्याचं ठरवलं आणि विचारलं, "डोळे कधी बघणार?" पोरगा म्हणाला, "आणि शेळीची लस?"

चूक त्यांची नव्हती. पांढरी उंच गाडी, पोटाला सरकतं दार, टपावर काहीतरी काळं चकाकणारं. केळशीसारख्या गावात अशी गाडी आली म्हणजे ती सरकारीच असणार. मी म्हटलं, "आम्ही पुण्याचे. फिरायला आलोय. या गाडीतच राहतो." आजींनी आत डोकावून ओटा पाहिला, पलंग पाहिला, दोरीवरचे नवऱ्याचे मोजे पाहिले आणि हळू आवाजात विचारलं, "घर गेलं का?"

दुपारी तोच पोरगा चार शहाळी आणि फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या ठेवून गेला. आम्ही त्या मुकाट खाल्ल्या.

घर आहे हो. कोथरूडला. दोन बेडरूम, दोन संडास, हप्ते फिटलेले. पण पन्नाशीत पुरुषांना काहीतरी होतं. आमच्या सोसायटीत एकाला मॅरेथॉन झाली, एकाला नर्मदा परिक्रमा झाली, तिसरा मुळशीला जमीन घेऊन सेंद्रिय तांदूळ पिकवतो आणि किलोला खर्च किती आला ते बायकोला सांगत नाही. माझ्या नवऱ्याला गाडी झाली. त्रेपन्नाव्या वर्षी त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली, चाकणच्या कामगारांची ने-आण करणारी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यातल्या सीटा उपटल्या. बसची मोटर कॅराव्हॅन करायची तर आरटीओची मंजुरी लागते. आराखडे, कागद, तपासणी. त्यात वर्ष गेलं. तेवढ्यात खूळ उतरेल अशी मला आशा होती. उतरलं नाही. डिसेंबरात आम्ही ताम्हिणी उतरलो. बेत असा, की किनाऱ्याकिनाऱ्यानं महिनाभरात गोकर्ण.

ताम्हिणीतल्या तिसऱ्या वळणाला मसाल्याचं कपाट उघडलं. त्यावर जास्त लिहीत नाही. गोडा मसाला अजून निघतोय.

आमच्या घराची आतली मापं चौदा फूट बाय सहा. त्यात आम्ही दोघं आणि तीन आकडे राहत होतो. पहिला, बॅटरी २०० अँपिअर-अवरची. ऐकायला भरपूर वाटतं, पण बारा व्होल्टनं गुणलं की होतात जेमतेम अडीच युनिट. कोथरूडचा गिझर सव्वा तासात पितो तेवढी वीज. ती भरायला टपावर सोलर. म्हणजे बॅटरीला ऊन पाहिजे आणि आम्हाला सावली. सुरूच्या बनात गाडी लावली की आम्ही गार आणि फ्रिज गरम. उघड्या वाळूवर लावली की फ्रिज खूश, आणि आत आमची भरीत करायची वांगी झालेली. नवरा रोज सकाळी हातात फोन घेऊन सूर्य कुठून कुठे जाणार ते बघायचा. एवढं लक्ष त्यानं मुलीच्या दहावीकडे दिलं नव्हतं.

मध्येच एक सांगायचं राहिलं. गाडी समतल उभी आहे की नाही हे बघायला त्यानं गवंड्याची पातळी-नळी आणि चाकाखाली घालायला लाकडी पाचरी आणल्या होत्या. त्यांची गरज पडली नाही. मी तव्यावर घावन टाकायचे. ते समुद्राच्या बाजूला घरंगळलं की तो उतरून डावं चाक उचलायचा. घावन गोल आलं की मुक्काम पक्का.

दुसरा आकडा पाण्याचा: टाकी ८० लिटरची. तिसरा सांगताना अजूनही आवाज खाली येतो. संडासाची पेटी, २० लिटरची. बाहेरच्या बाजूनं छोटं दार उघडून ती ओढून काढायची, चाकांवरून न्यायची आणि एखाद्या खऱ्या संडासात ओतायची. दोन माणसांना ती तीन दिवस पुरते. तिसऱ्या दिवशी आमच्यात बोलणं कमी व्हायचं.

कारण ओतायची कुठे? ज्यांचे व्हिडिओ बघून नवऱ्याला गाडी झाली, त्या देशांत म्हणे यासाठी जागोजागी सोय असते. आपल्याकडे सोय म्हणजे समोरच्या माणसाचा चांगुलपणा. आंजर्ल्याला एका घरगुती खाणावळीत आम्ही पोटभर जेवलो, सोलकढी दोनदा मागून घेतली, आणि मग नवऱ्यानं घसा साफ केला.

"काका, तुमचा संडास जरा..."

"वापरा की! त्यात विचारायचं काय?"

"नाही, वापरायचा नाहीये. वापरून झालाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

"म्हणजे आता फक्त ओतायचाय," नवऱ्यानं खुलासा केला.

काकांना ते समजायला वेळ लागला, पण समजल्यावर त्यांनी स्वतः पुढे होऊन दार उघडून दिलं आणि बादलीभर पाणीही दिलं. फक्त संध्याकाळी परत जेवायला येणार का, हे विचारलं नाही.

दाभोळहून जंगलजेटीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, धोपावेला उतरून आम्ही गुहागर गाठलं, तेव्हा मी चार दिवस केस धुतले नव्हते. तिथे सासूबाई आल्या. व्याडेश्वर आमचं कुलदैवत. दर्शन घेते, दोन दिवस राहते, म्हणून पुतण्यानं त्यांना आणून सोडलं. वय अठ्ठ्याहत्तर. मी नवऱ्याला म्हटलं, आईंसाठी खोली बघ. आई पायरी चढून आत आल्या, चौफेर बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, ही तर आपली शनिवारातली खोली."

शनिवार पेठेतल्या त्या वाड्यात दोन खोल्यांत सातजण राहायचे. नळ चौकात, संडास मागच्या बोळाला. तिथून ब्लॉकमध्ये यायला सासऱ्यांना एकोणीस वर्षं लागली. आणि त्यांच्या मुलानं निवृत्तीचे पैसे घालून परत तीच खोली घेतली, तीही चाकांवरची.

"पाणी किती दिवस पुरतं?" आईंनी विचारलं.

"दोन."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मी माहेरचं नाव घालवलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आई चौदा वर्षांच्या होत्या. खडकवासलाही गेलं, शहराचे नळ कोरडे पडले आणि वाड्यातल्या आडांचे दिवस परत आले. त्या पिढीच्या पुणेकर बाईपुढे ऐंशी लिटर म्हणजे अथांग पाणी.

पहिल्याच दिवशी त्यांनी पंपाचा खटका बंद केला. "नळ सोडला की पाणी कुठं जातं ते दिसत नाही. ओतून घेतलं की दिसतं." बाजारातून दोन कळश्या आणि एक ओगराळं आलं. तांदळाचं धुवण आमटीत, भाजीचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं सुरूच्या मुळाशी. ताटं आधी नारळाच्या शेंडीनं पुसायची. आंघोळ तीन लिटरमध्ये, आणि त्यातही पाठ धुऊन व्हायची. टाकी पाच दिवस गेली. नवऱ्यानं ते वहीत लिहून ठेवलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पेटी ओतायची वेळ आली तेव्हा तो जरा कुरकुरला. आई म्हणाल्या, "वाड्यात टोपल्या उचलायला मागच्या बोळातून कोण यायचं, त्यांची तोंडंसुद्धा आम्ही कधी नीट बघितली नाहीत. जा, ने तू." तो गेला. त्यानंतर कधी कुरकुरला नाही.

दोन दिवसांचे अकरा झाले. आई पुढच्या सीटवर बसून तवसाळहून फेरीबोटीनं जयगड, मग गणपतीपुळे असं करत रत्नागिरीपर्यंत आल्या. समोरून एसटी आली की "डावीकडे घे, अजून वीतभर आहे" असं सांगायच्या, आणि वीतभर खरोखरच असायचं. रत्नागिरीला पुतण्या न्यायला आला. आई म्हणाल्या, "मी गोकर्ण बघितलेलं नाही."

एवढ्या लांबून आलेली गाडी रिकामी परत जायला नको, म्हणून मी गेले.

घरी पोचल्यावर पहिलं काम, बाथरूम. दार लावलं. त्या दाराला कडी होती आणि कडीपलीकडे कोणी भाजी चिरत नव्हतं. शॉवर पूर्ण सोडला. आधी गार पाणी येतं, ते जाऊ देत, वाफेची वाट बघत नुसती उभी होते. कोपऱ्यातल्या बेसिनवर फोन वाजला. नवऱ्याचा नंबर, आवाज आईंचा.

"मालवणला आहोत. पोचलीस ना नीट? ऐक, माळ्यावर तांब्याची कळशी आहे, ती काढून ठेव, पुढच्या वेळी..." त्या थांबल्या. "तो कसला आवाज येतोय?"

"पाऊस," मी म्हटलं.

"जानेवारीत?"

मी गप्प.

"आधी तो नळ बंद कर. मग बोलू."