हिरादोत ‘बघण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्या कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की जपानमधल्या हिरादो बेटावरच्या या बंदराच्या गावातलं डच गोदाम २०११ साली बांधलेलं म्हणजे नकली, किल्ला १९६२ चा काँक्रीटचा, अर्धी दुकानं बंद, डचांचा खरा इतिहास बघायचा तर नागासाकीला देजिमाला जावं, आणि मी लोकांना उगाच या गावात पायी हिंडायला लावतोय.

आधी देजिमाचं बोलू, म्हणजे नागासाकीतलं ते छोटं बेट जिथे पुढे डच व्यापाऱ्यांना ठेवलं होतं. डच काळातल्या म्हणून आज तिथे ज्या इमारती दाखवतात त्यासुद्धा पुन्हा बांधलेल्याच आहेत आणि आजूबाजूला भराव टाकल्यामुळे ते बेट बेटही राहिलेलं नाही. मला देजिमा आवडतं, त्यांनी काम फार चांगलं केलंय, पण नवं बांधकाम म्हणजे नकली असा नियम लावायचा तर तो दोन्हीकडे लावा ना. आणि डच देजिमाला गेले ते १६४१ मध्ये, हिरादोहून. त्याआधी १६०९ पासून त्यांची वखार इथेच होती, १६१३ ते १६२३ इंग्रजांचीही होती, आणि जपानला पोचलेला पहिला इंग्रज विल्यम अ‍ॅडम्स १६२० मध्ये वारला तो याच गावात.

आता गोदाम. मूळ दगडी गोदाम १६३९ मध्ये बांधलं आणि दुसऱ्याच वर्षी पाडायला लागलं, कारण त्यावर ख्रिस्ती सन कोरलेला होता, ख्रिस्ती धर्मावर तेव्हा बंदी होती, आणि शोगुनच्या (जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या) माणसांना तेवढं निमित्त पुरलं. म्हणजे जुनी इमारत गावाने हलगर्जीपणाने घालवली असं नाही, हुकूम देऊन ती पाडायला लावली. आजची इमारत त्याच जागेवर उभी आहे. तुम्ही ती बाहेरून बघून बसमध्ये बसलात असं तुम्हीच लिहिलंय, आणि मला वाईट वाटतं ते ह्याचंच, कारण जुनं जे काही आहे ते तिथून चालत पाच-दहा मिनिटांच्या आत आहे. मागे चढावर डच भिंत आहे, माणसापेक्षा उंच, चुन्यात बसवलेल्या ओबडधोबड दगडांची, तिच्या कडेने पायऱ्या चढत जाता येतं. खाली जुन्या धक्क्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, ओहोटीला त्या जास्त दिसतात. डच विहीर आहे. यातल्या कशालाच तिकीट नाही आणि मोठी बसही त्या गल्ल्यांत शिरत नाही, मग पायी नाही फिरायचं तर कसं फिरायचं?

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे साइवाई पूल, किल्ल्याच्या पायथ्याशी. दगडी कमान, १७०२ ची, मूळची. गावात त्याला डच पूल म्हणतात. डच तर साठ वर्षांपूर्वीच गेले होते, मग हे नाव का? तर वखारीच्या कामावर इथल्या पाथरवटांनी जी दगडकामाची पद्धत शिकली ती पुढे टिकली आणि त्यातून हा पूल झाला असं सांगतात. गोदाम पाडलं पण हाताला लागलेलं काम पाडता आलं नाही! त्यावरून आजही माणसं ये-जा करतात. आणि किल्ल्याचंही, मुख्य इमारत नवी हे खरं, पण उत्तरेकडचा दरवाजा आणि तानुकी बुरूज जुनेच आहेत, तिकडे कुणी थांबत नाही.

चढ-उताराची तुमची तक्रार मान्य, गुडघे दुखत असतील तर चर्चकडे जाणाऱ्या पायऱ्या त्रासाच्या आहेत. पण देवळांची कौलं आणि त्यांच्या वर हिरवट चर्चचा मनोरा हे एकत्र दिसतं ते त्याच वाटेवरून, गाडीतून नाही. चर्च १९३१ चं आहे, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाचं. झेवियर १५५० मध्ये हिरादोला आला होता, जपानला यायला निघाला होता गोव्याहून, आणि त्याचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये आहे. आपल्याकडच्या माणसाला या गावात काहीच आपलं वाटू नये हे मला पटत नाही.

बंद दुकानांबद्दल मात्र मला राग आला, खरं सांगतो. तरुण माणसं कामासाठी बाहेर जातात, गाव म्हातारं होतंय, जपानच्या बहुतेक बेटांची हीच गत आहे. यात गावाचा काय दोष? टूरची बस किल्ल्याशी थांबून निघून जाते तेव्हा त्या गल्लीत एक येनही पडत नाही. पायी फिरणारा माणूस निदान कासुदोसु तरी घेतो (कास्टेला केक अंड्याच्या बलकात बुडवून साखरेच्या पाकात सोडतात, वरून साखर, प्रचंड गोड पण एकदा खाच), चहा पितो, बंदराजवळच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसतो.

दोन गोष्टी इतर वाचकांसाठी. कासुगा गाव आणि छुप्या ख्रिश्चनांची (बंदीच्या काळात लपून धर्म पाळणाऱ्यांची) ती जागतिक वारसा यादीतली जागा बेटाच्या पश्चिमेला आहे, तिथे पायी जायचं मनात आणू नका, गाडी घ्या. आणि शाकाहारी मंडळींनी सोबत खाणं ठेवा, इथल्या सूपात उडणाऱ्या माशाचा अर्क असतोच असतो. तुम्ही परत जाणार असाल तर टूर नको, ताबिरा-हिरादोगुची स्टेशनला उतरा, लाल पुलावरून बसने गावात या आणि रात्री तिथेच राहा.