पैसे गेले नाहीत म्हणे, ‘होल्ड’वर आहेत!

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मावशी परवा हॉटेलात उतरली होती. काउंटरवर डेबिट कार्ड दिलं, पिन दाबला. निघताना रोख पैसे देऊन हिशेब चुकता केला, पावती घेतली. आज औषधाच्या दुकानात तेच कार्ड चालेना. ‘शिल्लक अपुरी.’ चार लोकांसमोर! घाबरून मला फोन, ‘अगं, माझे पैसे कुणीतरी काढले.’

बँकेत फोन लावला तर पलीकडून थंड उत्तर, ‘मॅडम, पैसे गेलेले नाहीत, होल्डवर आहेत.’ अहो, औषधाला वापरता येत नाहीत म्हणजे गेलेच की!

कार्ड मशीनला लागलं की दुकानदाराची बँक आपल्या बँकेला विचारते, एवढे आहेत का? आपली बँक हो म्हणते आणि तेवढी रक्कम अडवून ठेवते. प्रत्यक्ष पैसे बहुतेक वेळा नंतर जातात. हॉटेल, भाड्याची गाडी, इथे शेवटचं बिल आधी ठाऊक नसतं, म्हणून वरचे धरून जास्तच अडवतात. मावशीसारखं बिल वेगळं भरलं तरी अडकलेली रक्कम सुटायला काही दिवस जाऊ शकतात. क्रेडिट कार्डावर बँकेने दिलेली मर्यादा अडकते. डेबिटवर मावशीची पेन्शन अडकली!

चोरी झाली तरी तेच. तक्रार करता येते, पैसे परतही मिळू शकतात, पण तोवर रिकामं असतं ते आपलं खातं. आणि लोक म्हणतात, दोन्ही कार्डं सारखीच!

हो, क्रेडिट कार्डाने कर्जात बुडालेले लोकही पाहिलेत. डेबिटवर हात आखडता राहतो, मान्य.

त्या फोनवरच्या मुलावर मी उगाच ओरडले. पडद्यावर दिसत होतं ते वाचून दाखवत होता बिचारा. पण कार्ड देताना मावशीला हे कुणी सांगितलं होतं? पाकिटात एक घडीपत्रक, मुंगीएवढ्या अक्षरांचं. तिने चष्मा लावूनही वाचलं नसतं, आणि तुम्हीही वाचलेलं नाही, मला माहितीये.

दुपारी तिच्याकडे बसून सगळं लावून दिलं. कार्ड आता वेगळ्या खात्याला, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. पेन्शनच्या खात्याचं कार्ड बंद. परदेशातले व्यवहार बंद, रोजची मर्यादा कमी, प्रत्येक व्यवहाराचा मेसेज चालू. कार्डामागची काळी पट्टी मशीनवर घासू द्यायची नाही, चिपच वापरायची. पट्टीवरची माहिती दरवेळी तीच असते, म्हणून तिची नक्कल होते. चिप दर व्यवहाराला नवा कोड काढते. पिन पाठ केला तिने, पाकिटातली चिठ्ठी मी फाडली. (चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात ‘पिन’ असं लिहिलेलं! काय बोलायचं!)

आणि कमेंटमध्ये ‘आम्ही तर फोननेच पैसे देतो’ असं लिहायला येऊ नका. त्या फोनला कुठलं खातं जोडलंय, ते आधी बघा.