माया असली तरी राग येतो

नाशिकमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘परक्याचं लेकरू सांभाळताना माया खरी असेल तर चिडचिड होतच नाही. झालीच तर गिळावी. जमत नसेल तर मूल परत करावं. नाहीतरी दरमहा पैसे मिळतातच.’ कॉलेज रोडजवळच्या आमच्या घरी दीड वर्षापासून प्रतिपालकत्वाखाली (फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता काही काळ घरी सांभाळणं) एक मूल आहे, म्हणून उत्तर देते.

माया खरी असतानाच चिडचिड होते. उपासमार सोसलेलं मूल भरल्या घरातही पोळ्या उशीखाली लपवतं. बुरशी आलेला तुकडा हाती लागतो. विचारलं की ‘मी नाही ठेवला’ म्हणत दार आपटतं. त्यात आपली तीन रात्रींची झोप झालेली नसते. छाती धडधडते, हात थरथरतात. त्यावरून कुणाची माया मोजू नका.

गिळण्याचा सल्ला तर घातकच. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांच्या १९९३ च्या प्रयोगात, किळसवाणी दृश्यं पाहताना चेहरा कोरा ठेवणाऱ्यांची किळस कमी झाली नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढला. मोठ्यांचे चेहरे वाचतच दिवस काढलेल्या मुलाला हे कोरेपण लगेच कळतं, आणि ते जास्त घाबरतं. म्हणून मी सांगून टाकते, “मला राग आलाय. गच्चीवर जाते, पाच मिनिटांत येते.” तिथे श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावते, श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. आणि पाचव्या मिनिटाला खाली येतेच, कारण या मुलाच्या आयुष्यातून गेलेली माणसं परत आलेली नाहीत.

एकदा मी जोरात ओरडले. रात्री जवळ बसून म्हणाले, “ओरडले ते चुकलं. हा डबा तुझा, कधीही उघड.” डबा ओट्यावरच असतो. लपवणं अजून पूर्ण थांबलेलं नाही.

‘परत करावं’ म्हणजे मुलाला पुन्हा एकदा घर हरवायला लावणं. त्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही उचलतात.

पैशांचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत दरमहा ४,००० रुपये आहेत, ते मुलाच्या खर्चासाठी.

दर मंगळवारी संध्याकाळी नणंद मुलाजवळ थांबते आणि मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तासभर चालते. मेसेज पाठवणाऱ्यांच्या ओळखीत असं घर असेल, तर आठवड्यातला एक तास तिथे जाऊन बसा.