टँकर विमानं सोनेगावला का नाहीत?

युद्धाची नुसती कुणकुण लागली की नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो : झिरो माइल आपल्याकडे, देशाच्या मधोमध आपण, मग लांब पल्ल्याची बॉम्बर अन् उडत्या विमानांना हवेतच इंधन देणारी टँकर विमानं आपल्या सोनेगाव विमानतळावरच का ठेवत नाहीत? ऐकायला बरं वाटतं बाप्पा, पण त्यात हिशोब नाही. शिवाय आपल्या हवाईदलाकडे लांब पल्ल्याचं बॉम्बर मुळात नाहीच. टँकर आहेत. 2003 पासून इल्युशिन-78 जातीची सहा घेतली, ठिकाण आग्रा. मार्च 2025 मध्ये भाड्याने आणलेलं केसी-135 टँकर सुद्धा आग्र्यालाच उतरलं.

आग्राच का, ते नकाशावर पट्टी ठेवली की कळतं. आग्रा-लाहोर सरळ रेषेत साधारण 600 किलोमीटर, नागपूर-लाहोर साडेबाराशे. टँकर काही लाहोरवर जाऊन उभं राहत नाही, आपल्याच हद्दीत बरंच आत घिरट्या घालतं, पण दोन तळांमधला फरक तेवढाच राहतो. जाऊन-येऊन तेराशे किलोमीटर जास्त, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास. हे विमान तासाला आठ-नऊ टन इंधन स्वतःच पितं. चौदा-पंधरा टन गेले वाटेतच. सुखोई-30 च्या पोटात साडेनऊ टन मावतं. म्हणजे दर फेरीला दीड सुखोईचं इंधन आपण फक्त "मध्यभागी" असण्यासाठी जाळायचं!

त्याहून महाग पडतो तो वेळ. आभाळात टँकर सतत हजर लागतो. एक परतायच्या आत दुसरा तिथे पोचलेला पाहिजे. तळ जितका लांब, तितकी तेच काम करायला विमानं जास्त. आणि महालेखापालांच्या 2017 च्या अहवालात या ताफ्याची उपलब्धता जेमतेम निम्मी निघाली होती. सहातून तीन.

अंतर फार झालं की काय होतं, त्याचा धडा 1982 च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात आहे. अटलांटिकमधल्या ब्रिटिश असेन्शन बेटावरून फॉकलंडच्या पोर्ट स्टॅन्लीची धावपट्टी सुमारे 6,300 किलोमीटर. एका ब्रिटिश व्हल्कन बॉम्बरला तिथवर नेऊन परत आणायला अकरा व्हिक्टर टँकर उडाले. टँकरनं टँकरला पाजायचं, रिकाम्यानं माघारी फिरायचं, भरलेल्यानं पुढे जायचं. पहिल्याच रात्री मुख्य व्हल्कनची बाजूची काच नीट बंद होईना, केबिनमध्ये दाब राहीना, म्हणून ते परतलं आणि राखीव विमान पुढे गेलं. शेवटच्या टप्प्यात वादळी हवेत एका व्हिक्टरची इंधन घ्यायची नळी मोडली. ज्यानं त्याची जागा घेतली, त्यानं बॉम्बरला इतकं दिलं की स्वतःला घरी पोचायला पुरेना. त्याच्यासाठी आणखी टँकर पाठवावा लागला. एवढं करून 21 बॉम्ब पडले, त्यातला एक धावपट्टीवर.

पण तळाच्या दृष्टीनं माझ्या मते खरी गोष्ट जमिनीवरची आहे. असेन्शनला धावपट्टी एकच, तीन किलोमीटरची, आणि समांतर टॅक्सी-वे, म्हणजे धावपट्टीवरून बाजूला निघायचा रस्ता, नाही. उतरलेल्या विमानानं टोकाला वळायचं आणि त्याच पट्टीवरून उलटं यायचं. इंधन संपत आलेली चार व्हिक्टर पाठोपाठ आली, तेव्हा मागे फिरायला वेळच नव्हता. आधी उतरलेली टोकालाच एकमेकांना चिकटून उभी, आणि मागचं वेगात येतंय. ब्रेक-पॅराशूट उघडलं नसतं तर चारही गेली असती. तळाचं माप नुसतं धावपट्टीच्या लांबीवर घेऊ नका, विमान वळवायला आणि उभं करायला जागा किती तेही बघा. अमेरिकेच्या बी-52 बॉम्बरचे पंख टोकापासून टोकापर्यंत 56 मीटर, आणि पंखांच्या टोकांखालीही छोटी चाकं. अरुंद टॅक्सी-वेवर ती सरळ मातीत जातात.

जागेचाच प्रश्न व्हिएतनाम युद्धातही आला. डिसेंबर 1972 मध्ये हॅनोईवर बी-52 दोन ठिकाणांहून जात. पॅसिफिकमधल्या गुआम बेटाहून एक फेरी बारा तासांची, वाटेत जपानच्या ओकिनावाहून आलेल्या टँकरकडून इंधन घेऊन. थायलंडच्या उ-तापाओहून तीन-चार तासांत काम, आणि टँकरची गरजच नाही. मग सगळी उ-तापाओला का नेली नाहीत? तिथे तेवढी मावत नव्हती.

आता आपला मे महिना घ्या. सोनेगावची उंची 310 मीटरच्या आसपास, पण पारा 45 वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला तळ दीड हजार मीटर उंचीवर असल्यासारखा वाटतो. इंजिनचा जोर कमी, पंखाची उचल कमी, 3,200 मीटरची पट्टी अपुरी. वैमानिक मग काय कमी करतो? इंधन. म्हणजे जे वाटायला निघालो तेच घरी ठेवून जायचं. उपाय एकच, पहाटे चारच्या सुमारास उडायचं, आणि शत्रू आपलं वेळापत्रक बघून चालत नाही. आग्र्यालाही मे काही थंड नसतो, हे मान्य. पण तिथे निदान अंतर तरी कमी आहे.

"लांब आहे म्हणून सुरक्षित" हाही मुद्दा आता तितकासा उरला नाही. रशियानं बॉम्बर आत-आत नेली, तर 1 जून 2025 ला युक्रेननं ट्रकांमधल्या लाकडी खोक्यांतून ड्रोन सोडून सैबेरियातल्या बेलाया तळावरची विमानं जाळली. सीमेपासून चार हजारांहून जास्त किलोमीटरवर! तळाच्या कुंपणाबाहेर ढाब्यावर उभा असलेला ट्रक कोण तपासतो? वर्धा रोडवर रोज किती उभे असतात, मोजून बघा.

मग नागपूरचा उपयोग काय? आहे ना. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथेच आहे. पुढच्या तळांवर मारा सुरू झाला तर विमानं विखरून ठेवायला, दुरुस्तीच्या विमानाला पुढची जागा अडवू न देता मागे आणायला हे ठिकाण बरोबर आहे. पण त्यासाठीही आधी जमिनीखालून इंधनाचं हायड्रंट, म्हणजे विमानापर्यंत नळ, पाहिजे. शंभर टन इंधन म्हणजे सव्वाशे किलोलिटर, नाहीतर 20 किलोलिटरच्या बाऊजरच्या, म्हणजे इंधनाच्या टाकीच्या ट्रकच्या, सहा-सात खेपा, एका विमानाला. चार टँकर विमानं एकदम भरायची म्हटली तर ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, विमानांपेक्षा बाऊजरचीच रांग लांब दिसेल.